विसर्जनाच्या दिवशी ताईचा कॉल का तुटत होता? समुद्रातल्या केबल आणि आपलं इंटरनेट

मीनल_ठाणे | ७ सप्टेंबर २०२५, रात्री ९:१५

काल अनंत चतुर्दशी. माझी ताई शारजाला असते आणि गेली चार वर्षं आम्ही तिला घरच्या गणपतीचं विसर्जन फोनवरच दाखवतो. तिकडे व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही, त्यांच्याकडे परवानगीच नाही, म्हणून तिच्यासाठी मुद्दाम बोटिम हे कॉलचं ॲप टाकून ठेवलंय. काल संध्याकाळी उत्तरपूजा झाली, आरतीला उभे राहिलो आणि तिच्याकडे चित्र अडकलं ते आईच्या हातातल्या निरांजनावर, पुढे सरकेचना, आवाज पण तुकड्यातुकड्यानं. तीन वेळा कापून परत लावला. शेवटी मी व्हिडिओ काढून पाठवला, तो तिला रात्री साडेअकराला उघडला. बाप्पा पाण्यात जाताना तिला "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणायचं होतं ते राहून गेलं, फोनवर बोलताना तिचा आवाज भरून आला होता.

आज बातमी वाचली की लाल समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्यात. मला दोन गोष्टी कळत नाहीयेत. मी ठाण्यात, ती शारजात, मध्ये अरबी समुद्र, मग लाल समुद्र यात येतो कुठून? आणि आमच्याकडचं नेट तर मस्त चालू होतं, पोरं यूट्यूबवर लालबागच्या राजाचं लाईव्ह बघत होती. कुणी जाणकार असेल तर जरा समजेल असं सांगा.

---

हिंजवडी_एक्सप्रेस | ७ सप्टेंबर, रात्री ९:४०

मीनलताई, आमच्याकडे पण कालपासून गोंधळ चालूय. आमचा क्लायंट फ्रँकफर्टचा, एरवी इथून तिकडे जाऊन यायला सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद लागतात, काल दुपारपासून तोच आकडा अडीचशेच्या वर. मायक्रोसॉफ्टने पण त्यांच्या अझ्युअर या क्लाउड सेवेच्या स्टेटस पानावर लिहिलंय की मध्यपूर्वेतून जाणारी ट्रॅफिक संथ होईल, लाल समुद्रात फायबर तुटलंय. शनिवार-रविवार होता म्हणून निभावलं, उद्या सकाळी काय होतंय बघायचं.

---

तारखात्यातला | ७ सप्टेंबर, रात्री ११:०५

मी ३१ वर्षं टेलिकॉममध्ये काढली, त्यातली बरीचशी समुद्री केबलच्या कामात, त्यामुळे जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी काय तुटलं ते. दोन केबलची नावं बाहेर आली आहेत, सी-मी-वी-४ आणि आय-मी-वी. दोन्ही मुंबईला लागतात, दोन्ही फुजैराला म्हणजे अमिरातीत लागतात, आणि तिथून लाल समुद्रातून सुएझ, इजिप्त, भूमध्य समुद्र करत युरोपात जातात. तुटल्या जेद्दाजवळ. म्हणजे मुंबई ते फुजैरा हा तुकडा शाबूत आहे, मीनल, तुझी शंका बरोबरच आहे.

पण एक समजून घे. तू ताईला कॉल लावतेस तेव्हा तुझा आवाज सरळ रेषेत ठाण्याहून शारजाला जात नाही. तो त्या ॲपच्या सर्व्हरकडे जातो, तो सर्व्हर युरोपात असू शकतो, आणि कुठल्या केबलने न्यायचा हे दोन्हीकडच्या कंपन्यांचे आपसातले करार ठरवतात. दुसरं असं की पश्चिमेचा रस्ता बंद झाला की आखातातली सगळी युरोपची गर्दी उलटी फिरते, मुंबई, चेन्नई, सिंगापूर अशी. घोडबंदरला एक लेन बंद झाली की कापूरबावडीपासून मागे काय होतं ते तुला मी सांगायला नको. तुझ्या घरचं बहुतेक हेच झालंय.

आता यूट्यूब का चाललं. कारण तो व्हिडिओ परदेशातून येतच नव्हता. या मोठ्या कंपन्यांनी आपल्याकडच्या नेटवाल्यांच्या सर्व्हररूममध्ये स्वतःची पेटी ठेवलेली असते, बघितल्या जाणाऱ्या गोष्टींची प्रत त्यात असते, लाईव्हचासुद्धा प्रवाह एकदा आणून तिथून सगळ्यांना वाटतात. ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात ज्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्यात ना, त्यात हे सगळं आहे. म्हणून मुंबईकराला केबल तुटल्याचं चटकन कळत नाही. ज्याचं माणूस किंवा काम बाहेर आहे त्यालाच कळतं.

२००८ साली मात्र सगळ्यांना कळलं होतं. ३० जानेवारी २००८, अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबल एकाच दिवशी गेल्या आणि देशाची जवळपास निम्मी बँडविड्थ, म्हणजे नेटची क्षमता, बसली. आम्ही त्या आठवड्यात घरी फक्त आंघोळीला जात होतो. दोन दिवसांनी दुबईजवळ फाल्कन नावाची केबल गेली, तिथे पुढे एक सोडून दिलेला नांगर सापडला, पाच-सहा टनांचा. पेपरात घातपाताच्या बातम्या आणि खाली निघाला नांगर. आताही लोक लगेच येमेनच्या हुथी बंडखोरांचं नाव घेतायत, मी थांबा म्हणेन.

---

स्वाभिमानी_नाशिक | ८ सप्टेंबर, सकाळी ८:२०

काका माहिती छान पण मूळ प्रश्नाला हात घाला ना. एवढा मोठा देश आणि आपलं नेट कुणाच्या तरी समुद्रातून, कुणाच्या तरी जमिनीवरून. जुलैमध्ये नायरा या तेल कंपनीचं काय झालं आठवा. वाडिनारची एवढी मोठी रिफायनरी, त्यात रशियाच्या रॉसनेफ्टचा ४९.१३ टक्के हिस्सा, युरोपने निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने त्यांचं आउटलुक आणि टीम्स बंद करून टाकलं. कंपनी भारतातली, कर्मचारी भारतातले, पैसे भरलेले, भारताने काही निर्बंध घातलेले नाहीत, तरी मेल बंद. दिल्ली हायकोर्टात गेले तेव्हा कुठे चालू झालं. आज रिफायनरी, उद्या बँक. माझं तर स्पष्ट मत आहे की मेल, क्लाउड, ॲप सगळं आपलं पाहिजे, दुसरा मार्ग नाही.

---

हिंजवडी_एक्सप्रेस | ८ सप्टेंबर, दुपारी १:३०

नायराची गोष्ट खरी आहे आणि मला पण ती टोचली. पण "सगळं आपलं" म्हणजे नक्की काय आपलं हे ठरवायला बसलं की अवघड होतं दादा. मी दिवसभर ज्यावर काम करतो ते सांगतो. लॅपटॉपमधली चिप अमेरिकन डिझाईनची आणि तैवानमध्ये बनलेली, कोड ठेवतो गिटहबवर, ती कोड साठवायची अमेरिकन साइट. २०१९ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया, क्रायमिया इथल्या लोकांची खाती आवळली होती, साधे एकेकटे डेव्हलपर, त्यांचं राजकारणाशी देणंघेणं काय, पण स्वतःच्याच खाजगी कोडला हात लावता येईना. इराणसाठी परवाना मिळून ते सुटलं २०२१ मध्ये. तेव्हापासून मी माझ्या सगळ्या कोडची एक प्रत घरी डिस्कवर घेतो, दर शुक्रवारी, न चुकता.

मला वाटतं खरा मुद्दा हा की जिथे पर्याय आधी उभा होता तिथेच देश वाचलेत. रशियाचंच बघा, मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड निघून गेले, तरी त्यांच्या लोकांची कार्डं देशातल्या देशात चालत राहिली, कारण २०१४ मध्ये क्रायमिया घेतल्यावर निर्बंधांचा चटका बसला तेव्हा त्यांनी स्वतःची पेमेंटची यंत्रणा उभी केली होती. आपण रुपे कार्ड २०१२ मध्येच आणलं, नंतर यूपीआय आलं, एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच ठेवा म्हणून सांगितलं तेव्हा या परदेशी कंपन्यांनी किती आरडाओरडा केला होता. २०२१ मध्ये मास्टरकार्डला नवीन ग्राहक घ्यायला बंदी केली ती याच नियमावरून. वडापावच्या गाडीवर आपण जो क्यूआर मारतो तो कुठल्या समुद्रातल्या केबलवर अडून नाही. हे आधी केलं म्हणून आहे. मेलच्या बाबतीत आपण ते केलं नाही, एवढंच.

---

रंकाळा | ८ सप्टेंबर, दुपारी ३:१०

एक वेगळा मुद्दा टाकतो. माझं कोल्हापुरात कापडाचं दुकान. जून २०२३ मध्ये शहरात तणाव झाला तेव्हा मोबाईलचं नेट बंद केलेलं. केबल शाबूत, सर्व्हर भारतातला, यूपीआय आपलं, पण गिऱ्हाईक पैसे देणार कसे? मी वहीत उधारी लिहून घेतली, ३४ नावं, त्यातली सगळी नंतर आली पण प्रत्येकाचं तसं होत नाही. हिंजवडीवाले म्हणतात क्यूआर कशावर अडून नाही, तर तो यावर अडून आहे. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ ला बंद केलेलं ४जी फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आलं, दीड वर्ष, मुलांच्या ऑनलाईन शाळा त्यातच होत्या. शांतता राखायला कधी बंद ठेवावं लागत असेल, मी तो वाद घालत नाही, पण बाहेरच्यांनी बंद केलं की आपल्याला राग येतो तेव्हा हे पण आठवावं एवढंच म्हणणं.

---

स्वाभिमानी_नाशिक | ८ सप्टेंबर, दुपारी ४:००

रंकाळा, पटलं. मी हा विचार केला नव्हता.

---

दर्याचा_पोर | ८ सप्टेंबर, रात्री ८:५०

मी वर्सोवा कोळीवाड्यातला. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं कारण ज्या केबलबद्दल बोलताय त्यातल्या कितीतरी आमच्या किनाऱ्यावरून जमिनीत जातात. चौपाटीवर फिरायला येणाऱ्यांना माहीत पण नसतं, वाळूखाली बांधलेली चेंबर असते, वर झाकण आणि त्याच्यावर पोरं क्रिकेट खेळतात.

आमच्याकडे डोलीची मासेमारी. डोलीचं जाळं एका जागी बसतं, भरती-ओहोटीच्या ओढीवर, आणि त्या जागा बापजाद्यांपासून ठरलेल्या असतात. कुठल्या घराची डोल कुठे हे वाड्यात सगळ्यांना माहीत. आता केबलवाले येतात ते पाऊस संपल्यावर, म्हणजे बरोबर आमच्या धंद्याच्या दिवसांत, सर्व्हेचं जहाज फिरतं, वायरलेसवर सांगतात की या पट्ट्यातून जाळी काढा. काढली तर दिवस बुडतो, नाही काढली तर जाळं फाटतं. माझ्या काकांची बोट एकदा त्यांनी गार्डबोट म्हणून भाड्याने घेतली होती, दिवसरात्र जहाजाच्या पुढे राहायचं आणि दुसऱ्या बोटींना बाजूला करायचं, त्याचे पैसे बरे मिळाले. पण ते एका बोटीला. बाकीच्यांच्या नुकसानीचं काय, त्याची भाषा प्रत्येक वेळी नव्याने सुरू होते.

आणि काका, तुम्ही नांगराचं म्हणालात. आमच्या तांडेलांना, म्हणजे बोट चालवणाऱ्यांना, कुणी नीट सांगितलेलंच नाही की केबल नक्की कुठून जाते. जीपीएसवर माझ्या काकांनी स्वतः फुल्या मारून ठेवल्यात, जिथे जाळं अडकलं तिथे फुली, एवढाच आमचा नकाशा. केबलला जाळं अडकलं तर काय करायचं हेही माहीत नाही, काही जण हिसका देतात, काही जण कापायला बघतात.

---

तारखात्यातला | ८ सप्टेंबर, रात्री १०:३०

दर्याच्या पोरा, सगळ्यात आधी तुझंच घेतो कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. केबल अजिबात कापायची नाही आणि हिसका द्यायचा नाही. खोल समुद्रात ती बागेतल्या नळीएवढी असते, पण किनाऱ्याजवळ पोलादी तारांचं चिलखत घातलेलं असतं, मनगटाएवढी जाड आणि प्रचंड वजनाची, छोट्या बोटीने ती ओढली तर बोट कलंडू शकते. आणि आत नुसता प्रकाश नसतो. दर सत्तर-ऐंशी किलोमीटरवर सिग्नल वाढवणारं यंत्र असतं, त्याला वीज त्याच केबलमधून जाते, हजारो व्होल्टची. जाळं अडकलं तर जाळं सोडून द्यायचं, जागेचे आकडे लिहून घ्यायचे आणि कळवायचं. जगभरच्या केबलवाल्यांचा हाच सल्ला आहे. सोडलेल्या जाळ्याची भरपाई मागता येते, त्यासाठी ते आकडे लागतात.

जगात दरवर्षी दीडशे ते दोनशे ठिकाणी केबल नादुरुस्त होतात आणि त्यातल्या बहुतेक मासेमारीने आणि नांगराने. युद्धाने तुटते तीसुद्धा कधीकधी नांगरानेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये रुबीमार नावाच्या खताच्या जहाजावर हुथींनी क्षेपणास्त्र टाकलं, १८ तारखेला. खलाशी नांगर टाकून जहाज सोडून गेले. ते रिकामं जहाज नांगर फरफटत कित्येक दिवस वाहत राहिलं आणि २४ तारखेला तीन केबल गेल्या, एएई-१, सीकॉम-टीजीएन आणि ईआयजी. जहाज बुडालं २ मार्चला. केबलवर कुणी नेम धरला नव्हता, पण नेम धरून जेवढं नुकसान झालं असतं तेवढं झालंच.

त्याहून वाईट पुढे झालं. दुरुस्तीला महिने गेले. कारण त्या पाण्यात शिरायचं तर परवानगी कुणाकडून घ्यायची, येमेनचं एक सरकार एडनला आणि सना हुथींकडे. दुरुस्तीच्या जहाजाला एका जागी संथ थांबून राहावं लागतं, ते पळू शकत नाही. कुठला कप्तान जाईल आणि कुठली विमा कंपनी हो म्हणेल?

दुरुस्ती कशी होते ते सांगतो म्हणजे कळेल. दोन्ही टोकांकडून प्रकाशाचा ठोका सोडतात, तो जिथून परत फिरतो त्यावरून अंतर कळतं. जहाज तिथे जातं, तळावर गळ फिरवून केबलचं एक टोक उचलतं, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयावर बांधतं, मग दुसरं टोक शोधतं. जहाजावर एक बंद स्वच्छ खोली असते, तिथे केसासारखे काचेचे धागे एकेक करून जुळवतात, वितळवून. मी एकदा ते बघितलंय, भर समुद्रात जहाज हलतंय आणि एक माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला, आजूबाजूला कुणी बोलत नव्हतं. सगळे धागे झाले की सांधा पेटीत बंद करतात आणि केबल पाण्यात सोडतात.

आणि आता माझ्या मनातली खरी गोष्ट. असं जहाज आपल्याकडे एकही नाही. ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या नियामकाने, जून २०२३ मध्ये शिफारशी दिल्या त्यात हे आलंय. २०२२ च्या अखेरीस भारताला १७ आंतरराष्ट्रीय केबल आणि त्या किनाऱ्याला लागतात अशी १४ लँडिंग स्टेशनं, आणि दुरुस्तीला आपण परदेशी जहाजांवर. ते जहाज इथे आलं की परवानग्या, कस्टम, निरनिराळी खाती. मी स्वतः त्या फायली घेऊन फिरलोय, जहाज हद्दीबाहेर उभं आणि आम्ही एका सहीसाठी बाकावर. स्वाभिमानी, तुम्ही ॲप आपलं हवं म्हणता ते ठीक, पण मला विचाराल तर पहिलं आपलं हवं ते हे जहाज आणि ते चालवणारी माणसं.

---

मीनल_ठाणे | ९ सप्टेंबर, सकाळी ७:४५

काका, मी हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय की सगळ्या केबल एकाच ठिकाणाहून नेल्याच का, दुसरा रस्ता नव्हता का?

---

तारखात्यातला | ९ सप्टेंबर, सकाळी ९:१०

आईंनी अगदी मुळाला हात घातला. रस्ता दीडशे वर्षं जुना आहे. १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न जहाजाने मुंबई ते एडन तारेची केबल टाकली, पुढे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत इंग्लंड. त्याआधी इंग्रजांच्या तारा तुर्कस्तान-इराणमधून जमिनीवरून यायच्या, मध्येच तुटायच्या, चुकीच्या पोचायच्या, आणि वाटेतल्या दुसऱ्या राजवटींवर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून समुद्र. केबल म्हणजे सत्ता हे त्यांना पक्कं माहीत होतं, १९१४ मध्ये जर्मनीशी युद्ध सुरू झालं त्याच पहाटे त्यांच्या अलर्ट जहाजाने इंग्लिश खाडीतल्या जर्मन केबल कापल्या, पहिली गोळी झाडायच्याही आधी असं म्हणायला हरकत नाही.

आज वाट तीच. इराणमधून न्यायची तर निर्बंध, इराक-सीरियातून युद्ध, आफ्रिकेला वळसा घालून न्यायची तर लांब आणि महाग. राहतं लाल समुद्राच्या तोंडाशी असलेलं बाब-अल-मंदेब, सुमारे ३० किलोमीटर रुंदीची फट, आणि पुढे इजिप्तची जमीन, तिथे वाहतुकीचे पैसे मोजावे लागतात. इजिप्त टाळायला गुगलची ब्ल्यू-रामन येतेय, त्यातली रामन, आपल्या सी. व्ही. रामन यांच्या नावाची, मुंबईहून जॉर्डनच्या अकाबापर्यंत आणि ब्ल्यू इस्रायलमधून इटलीला. म्हणजे इजिप्त टळतं, लाल समुद्र टळत नाही. आफ्रिकेच्या वळशाने येणारी टूआफ्रिका मुंबईला जोडली जातेय, ती मला जास्त मोलाची वाटते. लांबचा रस्ता रोजच्याला नको वाटतो, पण परवासारख्या दिवशी तोच लागतो.

---

हिंजवडी_एक्सप्रेस | १० सप्टेंबर, रात्री ९:००

अपडेट. केबल सुरक्षेचं बघणारी जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिचं म्हणणं आलंय की जेद्दाचं काम बहुधा जाणाऱ्या व्यापारी जहाजाचं, नांगर ओढला गेला असावा. काका, तुम्ही पहिल्याच दिवशी थांबा म्हणाला होतात.

आमच्या टीमने सोमवारी क्लायंटशी बोलून रात्रीच्या डेटाच्या प्रती पुण्यातच ठेवायला सुरुवात केली. दोन वर्षं मी मागत होतो, दोन दिवसांत मंजूर झालं.

---

दर्याचा_पोर | १० सप्टेंबर, रात्री १०:१५

काका, तुमचं "जाळं सोडा, आकडे लिहा" मी काल माझ्या काकांना आणि चार तांडेलांना वाचून दाखवलं. व्होल्टेजचं कुणालाच माहीत नव्हतं. एक जण म्हणाला, मग हे जेट्टीवर लिहून का लावत नाहीत? मी विचार करतोय एक मोठा कागद करायचा, मराठीत, केबलच्या वाटा दाखवून, खाली काय करायचं आणि कुणाला कळवायचं. वाटा मला माहीत नाहीत, आमच्याकडे नुसत्या फुल्या आहेत.

---

तारखात्यातला | १० सप्टेंबर, रात्री १०:४०

नौदलाच्या जलसर्वेक्षण विभागाचे सागरी नकाशे विकत मिळतात, त्यावर केबलच्या रेषा असतात. मुंबईच्या पाण्याचा माझ्याकडे एक आहे पण जुना, नवीन घेऊन येतो. तुमच्या फुल्यांचे आकडे काढून ठेव, आपण ते त्यावर बसवून बघू. खोली मीटरमध्ये आहे, तुमच्या लोकांना वावात, त्यांच्या नेहमीच्या मापात लिहून देऊ.

---

मीनल_ठाणे | १० सप्टेंबर, रात्री ११:००

मजकूर मी लिहिते, मोठ्या अक्षरात, आणि ताई शाळेत चित्रकला शिकवते, तिला चित्रं काढायला सांगते. आज तिचा कॉल नीट लागला, पाऊण तास. दर्यादादा, जाळं सोडून द्यायला तुमच्यात काय शब्द आहे तो कळवा, तोच घालू.